खाट कोणाची?

रुग्णालयाच्या जिन्यावर, औषधांच्या दुकानापुढें, चहाच्या टपरीवर, जेथें म्हणून रोग्यांचीं दोन माणसें भेटतात तेथें एकच प्रश्न कानीं पडतो : "कधीं सोडणार?" घरचीं माणसें हा प्रश्न विचारतात तेव्हां त्यांत आशा आणि भीति दोन्ही असतात, निवासी डॉक्टर विचारतो तेव्हां त्यांत घाई असते, आणि व्यवस्थापक विचारतो तेव्हां त्याला महिनाअखेरची सरासरी काढावयाची असते. आम्ही आजवर हा प्रश्न केवळ सोयीचा समजत होतों. गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातून एक गोष्ट घडली, आणि तेव्हांपासून हा नीतीचा प्रश्न आहे अशी आमची खात्री झाली आहे.

आमचे एक ज्येष्ठ स्नेही, जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलेले गृहस्थ, एके पहाटे उठूं लागले तों उजवें अंग लुळें पडलेलें आणि वाचा गेलेली. एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागांत त्यांस दाखल केलें. नवव्या दिवशीं सायंकाळीं सांगण्यांत आलें कीं, उद्यां घरीं न्या. त्या वेळीं त्यांना आधारावांचून बसतां येत नव्हतें, आणि पाणी पाजतांना ठसका लागत होता. त्यांच्या पत्नी सत्तरीच्या घरांतल्या, मुलगा परदेशीं. वहिनींनीं आमच्याकडे पाहून एवढेंच म्हटलें, "भावजी, हें मला एकटीला कसें व्हायचें?"

त्या विभागांतील एक तरुण डॉक्टर बारावीपर्यंत आमच्या वर्गांत बसलेला. आम्हीं त्याला एका बाजूस घेतलें आणि आणखी चार दिवस मागितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही सांगतां तर ठेवतों. पण खाट माझी नाहीं. आणि तुमचीही नाहीं." त्याच्या मागें वॉर्डाच्या दाराशीं जमिनीवर अंथरलेल्या गादीवर एक मनुष्य पडला होता. उशाशीं एक मुलगी सलाइनची बाटली हातांत उंच धरून उभी होती. आमच्या स्नेह्यांस चार दिवस मिळाले. त्या मनुष्याकडे आम्हीं पुन्हां पाहिलें नाहीं.

खाट कोणाची? जो तिच्यावर निजला आहे त्याची, कीं जो तिची वाट पाहत आहे त्याची? आणि रोग्यानें किती दिवस राहावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? वाचकांपैकीं बहुतेकांवर केव्हां ना केव्हां हा प्रसंग येणार आहे. तो येतो तेव्हां विचार करण्यास सवड नसते. म्हणून तो निवांतपणीं करून ठेवणें बरें.

मेंदू व मज्जातंतु यांच्या विकारांत दिवसांचा प्रश्न इतर रोगांहून अधिक बिकट असतो, याचें कारण त्या शास्त्राच्या इतिहासांतच आहे. लंडनमधील क्वीन स्क्वेअर येथील प्रसिद्ध रुग्णालय १८५९ सालीं स्थापन झालें. जोहाना व लुइझा चँडलर या दोघी बहिणी आणि त्यांचा भाऊ एडवर्ड यांनीं तें काढलें. ज्या आजीनें त्यांना वाढविलें होतें तिला पक्षाघात झाला होता, आणि अशा रोग्यांना कोठेंच थारा नाहीं हें त्यांनीं घरांतच पाहिलें होतें. सामान्य रुग्णालयें अर्धांगाच्या रोग्यास घेण्यास नाखूष असत, कारण तो लवकर बराही होत नसे आणि लवकर मरतही नसे. प्रारंभीं तेथें अवघ्या आठ खाटा होत्या. म्हणजे मेंदूविकारांचें हें पहिल्या प्रतीचें रुग्णालय, ज्यांचे दिवस मोजणें इतरांना परवडत नव्हतें, अशांसाठींच जन्मास आलें.

पॅरिस येथील साल्पेत्रिएरची गोष्ट याहून निराळी. तें रुग्णालय कमी आणि आश्रयस्थान अधिक. सुमारें पांच हजार स्त्रिया तेथें राहत. त्यांतील अनेकींचें सारें आयुष्य तेथेंच सरे. १८६२ सालीं शार्को तेथें मुख्य वैद्य म्हणून आला आणि त्यानें या दीर्घ वास्तव्याचा उपयोग करून घेतला. वर्षानुवर्षें तो एकेका रोगिणीचें कंपन, चालणें, बोलणें टिपून ठेवी, आणि ती वारल्यावर तिचा मेंदू व पृष्ठरज्जु तपासून जिवंतपणींच्या लक्षणांशीं ताडून पाही. मल्टिपल स्क्लेरोसिसचें त्याचें १८६८ चें प्रसिद्ध वर्णन अशा ताळ्यावर उभें आहे. आजचें मेंदूविकारशास्त्र ज्या पायावर उभें राहिलें त्यांतील कित्येक दगड त्या गरीब स्त्रियांच्या न संपणाऱ्या दिवसांचे आहेत. त्यांना त्यांतून काय मिळालें? छप्पर, अन्न आणि एक नामांकित निरीक्षक. बरें होणें मात्र क्वचितच. तेव्हां दीर्घकाळ ठेवून घेणें म्हणजे दया, असें समजण्याचें कारण नाहीं.

वर्षांच्या या शास्त्रांत अलीकडे मिनिटें शिरलीं आहेत. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गांठ विरघळविणारें औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास उपयोग होतो, हें १९९५ सालीं सिद्ध झालें. २००८ मध्यें ती मर्यादा साडेचार तासांवर गेली. आणि २०१५ सालीं तारेनें गांठ बाहेर काढण्याच्या उपायाची उपयुक्तता अनेक प्रयोगांनीं ठरली. मोठी वाहिनी बंद पडली असतां दर मिनिटाला सुमारें १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ सालीं मांडला गेला. याचा अर्थ असा कीं, दाराशीं असलेल्या रोग्याचा तास आणि खाटेवरील रोग्याचा दिवस यांची आतां तुलना करावी लागते. एकाच्या मेंदूला घाई आहे. दुसऱ्याच्या मेंदूला सवड हवी आहे. दोघांनाही तीच खाट पाहिजे, आणि तीच परिचारिका.

येथें थोडें गणित केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. एका विभागांत ३० खाटा आहेत आणि रोगी सरासरीनें १० दिवस राहतो असें धरूं. मग रोज ३ नवे रोगी घेतां येतील. तोच रोगी ६ दिवसांत गेला तर रोज ५ घेतां येतील. म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यांत ९० च्या ठिकाणीं १५०. एकही खाट न वाढवितां साठ जणांची सोय झाली. याच हिशेबानें पाहतां आम्हीं मागून घेतलेले चार दिवस म्हणजे जवळ जवळ अर्धा रोगी. आमच्या शिफारशीची किंमत अर्धा मनुष्य होती, आणि ती आम्हीं दिली नाहीं. दुसऱ्या कोणीं तरी दिली.

मिलचा अनुयायी येथें म्हणेल कीं प्रश्न सुटला : पुष्कळांचें पुष्कळ हित साधावयाचें तर दिवस कमी करा. पण सरासरीचा आंकडा जितका साधा दिसतो तितका तो साधा नाहीं. रोगी लवकर बरा झाला तर सरासरी उतरते. त्याला अर्धवट बरा असतां बाहेर काढलें तरीही ती उतरते. आणि तो दुसऱ्या दिवशीं मेला तर सर्वांत अधिक उतरते! तीन गोष्टी नीतीच्या दृष्टीनें तीन टोकांना, पण वहीतील आंकडा तिघांनाही सारखाच शाबासकी देतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८६० सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढें सर्व रुग्णालयांसाठीं एकसारखे तक्ते सुचविले, तेव्हां त्यांत रोगी किती दिवस राहिला यालाही स्थान होतें. पण त्याच तक्त्यांत किती बरे झाले आणि किती मेले हेंही होतें. त्यांचा आंकडा रुग्णालयाची झडती घेण्यासाठीं होता. पुढें आंकड्यानें बाजू बदलली. येल विद्यापीठांत फेटर व थॉम्पसन यांनीं रोग्यांचे गट पाडण्याची एक पद्धति बसविली. रुग्णालयाचें काम कसें चालतें हें समजावें, हा तिचा मूळ हेतु. १९८३ सालीं अमेरिकन सरकारनें वृद्धांच्या विमायोजनेंत तीच पद्धति पैसे देण्यासाठीं लागू केली. रोगाच्या गटाप्रमाणें रक्कम आधीं ठरलेली. रोगी चार दिवस राहो कीं चौदा. यापूर्वीं खर्च होईल तसे पैसे मिळत, म्हणून रोगी रेंगाळत असे. आतां रोगी जितका लवकर जाईल तितका फायदा. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें आढळलें कीं, मृत्यूंचें प्रमाण वाढलें नव्हतें. परंतु घरीं पाठविलेल्यांपैकीं अस्थिर प्रकृतींत पाठविलेल्यांचें प्रमाण शेंकडा १० वरून १५ वर गेलें होतें. डॉक्टर तेच, रोग तेच. केवळ पैशाचा नियम बदलला आणि त्याबरोबर 'बरा झाला' या शब्दांचा अर्थही थोडा बदलला.

तर मग कान्टकडे वळावें काय? मनुष्याला केवळ साधन समजूं नका, तो स्वतःच साध्य आहे, हें त्याचें सूत्र खाटेवरील रोग्याच्या बाजूचें वाटतें. पण दाराशीं पडलेला मनुष्यही साध्यच आहे. शिवाय कान्टची दुसरी कसोटी आमच्यावरच उलटते. तुमचें वर्तन सर्वांनीं अनुसरावें असा नियम तुम्हांला करतां येईल काय? प्रत्येक रोग्याचा एकेक प्राध्यापक ओळखीचा निघाला आणि प्रत्येकानें चार दिवस मागितले, तर वॉर्डाचें दार कोणासाठींच उघडणार नाहीं. आमची मागणी सफल झाली ती केवळ दाराशीं उभ्या असलेल्या मुलीला कोणाची ओळख नव्हती म्हणून. शिफारस म्हणजे उपकार नव्हे. ती दुसऱ्याच्या पाळींतून केलेली उचल आहे.

इतका विचार झाल्यावरही आम्हांस एक गोष्ट खटकत राहिली. आमच्या स्नेह्यांना नवव्या दिवशीं बसतां कां येत नव्हतें? आम्हीं मागल्या दिवसांची उजळणी केली. दोन दिवस एका तपासणीच्या पाळीची वाट पाहण्यांत गेले. शनिवार-रविवार व्यायामोपचार करणारा कोणी नव्हता. गिळण्याची परीक्षा चौथ्या दिवशीं झाली, कारण ती करणारी बाई एकच. रात्रीं सारा वॉर्ड दोन परिचारिकांवर, आणि त्यांच्याकडे चाळीसांहून अधिक रोगी. कुशीवर वळविण्याचें काम वहिनींनीं केलें, त्यांना जमेल तसें. म्हणजे नऊ दिवसांपैकीं उपचाराचे दिवस फार तर पांच. उरलेले चार वाट पाहण्याचे. आम्हीं जे चार दिवस शिफारशीनें मिळविले ते मुळांत आमच्या स्नेह्यांना मिळालेच होते. ते माणसांच्या अभावीं वाहून गेले होते.

पक्षाघाताच्या उपचारांत ज्या गोष्टीनें फार मोठा फरक पडला ती औषधाची बाटली नव्हे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. १९९३ सालीं अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यांत आले, आणि त्यानंतरही तेंच पुनःपुन्हां दिसून आलें कीं, अशा रोग्यांसाठीं राखलेल्या विभागांत, एकजुटीनें काम करणाऱ्या मंडळींच्या हातीं रोगी असला, तर मृत्यु आणि परावलंबन दोन्ही कमी होतात. तेथें काय होतें? घोट देण्यापूर्वीं गिळतां येतें कीं नाहीं तें पाहतात, म्हणजे अन्न फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया होत नाहीं. वेळच्या वेळीं कूस बदलतात, म्हणजे शय्याव्रण होत नाहींत. ताप, साखर, लघवी यांवर नजर ठेवतात. योग्य वेळीं बसवितात, उभें करतात, बोलावयास लावतात. आणि घरच्या माणसांना पुढचें शिकवितात. यांत चमत्कार कांहीं नाहीं. पण हें करण्यास हात लागतात, आणि ते शिकलेले लागतात.

लिंडा एकन बाईंनीं पेन्सिल्व्हेनियांतील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांत त्यांना असें दिसलें कीं, परिचारिकेच्या वांट्याला एक रोगी अधिक आला कीं तीस दिवसांच्या आंत मरण्याचा संभव शेंकडा ७ नें वाढलेला असतो. २०१४ सालीं युरोपांतील नऊ देशांच्या अभ्यासांतही हाच आंकडा निघाला. अशा अभ्यासांवरून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाहीं, हें तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. पण रात्रभर एका वॉर्डांत बसून पाहणाऱ्यास तो संबंध चमत्कारिकही वाटणार नाहीं. कॅलिफोर्निया राज्यानें १९९९ सालीं कायदा करून एका परिचारिकेकडे किती रोगी असावेत याची मर्यादाच घालून दिली. सामान्य वॉर्डांत ती आज पांच रोग्यांची आहे. मेंदूविकारतज्ज्ञांची टंचाई तर जगभर विषम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें या विकारांसाठींचे तज्ज्ञ दर लाख वस्तीमागें श्रीमंत देशांत ७.१, तर सर्वांत गरीब देशांत अवघे ०.१ होते.

येथें आमच्या प्रश्नाचें रूप पालटतें. खाटेवरचा रोगी आणि दाराशीं पडलेला रोगी यांचा तंटा आम्ही सोडवीत बसलों होतों. पण त्या तंट्यांत एक तिसरा पक्षकार आहे आणि तो हजरच नाहीं. भरलीच न गेलेली परिचारिकेची जागा, रविवारीं नसलेला व्यायामोपचारक, एकुलती एक वाचोपचारक, हे सगळे मिळून तो तिसरा पक्ष. त्याची अनुपस्थिति आम्हीं नागरिकांनीं, मतदारांनीं, करदात्यांनीं चालवून घेतलेली असते. मग ती टंचाई जणूं निसर्गानेंच पाठविली आहे, अशा थाटांत आपण ती मध्यरात्रीं एका सव्वीस वर्षांच्या डॉक्टरपुढें ठेवतों आणि म्हणतों, "आतां ठरव, कोणाला ठेवतोस." हा न्याय नव्हे. ज्याच्या हातीं कारण नाहीं त्याच्या माथीं निर्णय मारण्याची ही युक्ति आहे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे माणसांची उणीव आप्तांनीं भरून निघते. तें कांहीं अंशीं खरें आहे, आणि त्यांत चांगलेंही आहे. अमृतसर येथें डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत मनोरुग्णांच्या कुटुंबियांना तंबू ठोकून रुग्णालयाच्या आवारांतच राहविलें आणि उपचारांत भागीदार केलें. त्या प्रयोगाचा आजही आदरानें उल्लेख होतो. पण आप्ताला सहकारी करणें निराळें आणि त्याला बिनपगारी नोकर करणें निराळें. पहिल्यांत शिकविणारा कोणी तरी असतो. दुसऱ्यांत एक घाबरलेली बाई नळींतून पेज घालीत असते, आणि चुकलें तर दोष तिचा. आणि ज्याला आप्तच नाहींत त्यानें काय करावें?

जी गोष्ट आम्हांस सर्वांत उशिरा सुचली ती ही कीं, रुग्णालयानें कमी केलेले दिवस नाहींसे होत नाहींत. ते दुसऱ्या घरीं राहावयास जातात. आमचे स्नेही तेराव्या दिवशीं घरीं आले. रुग्णालयाच्या वहींत त्यांचें खातें मिटलें. वहिनींच्या नांवें तें उघडलें. पुढचे पांच महिने रात्रीं दोन वेळां उठून त्यांची कूस बदलणें, भरविणें, पुसणें हें एका सत्तर वर्षांच्या बाईनें केलें. त्या दिवसांची सरासरी कोणींही काढली नाहीं. बहुतेक घरांत हें खातें बायकोच्या, सुनेच्या किंवा अविवाहित मुलीच्या नांवावर असतें, आणि तिला सही मागण्याचीही पद्धत नाहीं.

म्हणून लवकर घरीं पाठविणें वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. युरोपांतील प्रयोगांत असें आढळलें आहे कीं, सौम्य वा मध्यम पक्षाघाताचा रोगी लवकर घरीं गेला आणि त्याच्याबरोबर उपचार करणारी मंडळीही घरीं गेली, तर तो पुढें अधिक स्वावलंबी होतो. सारें मर्म त्या दुसऱ्या अटींत आहे. रोगी घरीं जावा, पण एकटा जाऊं नये.

तेव्हां खाट कोणाची? आमच्या मतें ती कोणा एकाची नव्हे. ती ज्याची गरज त्या घटकेस मोठी त्याची, आणि ती गरज ठरवावी ती शास्त्रानें, ओळखीनें नव्हे. पण हा नियम सांगण्याचा हक्क त्याच समाजाला आहे, ज्यानें खाटेभोंवतीं पुरेशीं माणसें उभीं केलीं आहेत आणि खाटेवरून उठणाऱ्याबरोबर कोणी तरी घरापर्यंत पाठविला आहे. तें न करतां "दिवस कमी करा" म्हणणें ही काटकसर नव्हे. तें दुर्बलाच्या खिशांतून काढलेलें कर्ज आहे. आणि तें न करतां ओळखीनें चार दिवस मिळविणें, जें आम्हीं केलें, तेंही तसलेंच कर्ज आहे. वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहतां त्या सायंकाळीं आम्ही याहून निराळें वागलों असतों असें आजही आम्हांस सांगवत नाहीं. पण एखादें कृत्य टाळतां येण्यासारखें नव्हतें म्हणून तें न्याय्य ठरत नाहीं.

आमचे स्नेही आतां काठी घेऊन दारापर्यंत येतात. शब्द जड येतात, पण येतात. दिवाळींत त्यांच्याकडे गेलों असतां आम्हीं त्यांना त्या चार दिवसांची सारी हकीकत सांगितली. दाराशीं पडलेल्या मनुष्याची आणि बाटली धरून उभ्या असलेल्या मुलीचीही. ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग एकेक शब्द जुळवीत त्यांनीं विचारलें, "त्याचें... काय झालें?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आम्हीं तें कधीं विचारलेंच नव्हतें.